पौषातली आठम

"असंल बाबा," एवढंच अण्णा म्हणाले. पायरीवर ठेवलेली कापडी पिशवी उचलली, तिची धूळ हाताने झटकली आणि ढोल्या गणपतीच्या देवळाला वळसा घालून ते रस्त्याकडे निघून गेले. संक्रांतीची संध्याकाळ होती. आम्ही पाच-सहाजण वाईच्या घाटावर नेहमीच्या जागी बसलो होतो, मध्ये वर्तमानपत्राच्या कागदावर तिळाच्या वड्या होत्या, थंडीने कृष्णेचं पाणी काळपट दिसायला लागलं होतं. अण्णा गेल्यावर कुणीतरी दुसरा विषय काढला आणि गप्पा पुढे सरकल्या. मला मात्र त्या दोन शब्दांनंतरचं काही नीट ऐकू आलं नाही. माझा मुद्दा बिनतोड होता. आजही आहे. तरी घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा घास तोंडात फिरत होता.

झालं होतं ते एवढंच. मेडिकलवाल्याने अण्णांपुढे वडी धरली आणि अण्णांनी हात जोडून ती परत केली. "आमच्यात संक्रांतीला गोड चालत न्हाई. आमचा मानूस संक्रांतीच्या दिशी पानपतावर पडला." हे त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, जसं कुणी आपल्याला मधुमेह आहे असं सांगतं. आणि मी सुरू झालो. म्हटलं, अण्णा, पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, हे बरोबर. पण त्या साली संक्रांत १४ तारखेला नव्हती. आपलं पंचांग वर्ष मोजतं नक्षत्रांवरून, इंग्रजी कॅलेंडर मोजतं ऋतूंवरून, दोन्हींत वर्षाला वीस मिनिटांचा फरक पडतो, म्हणून संक्रांत साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. लढाईच्या तीन-चार दिवस आधीच संक्रांत होऊन गेली होती. मग तुमचा माणूस संक्रांतीला कसा पडेल? एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "आणि मुळात तुमच्या घरातलं कुणी तिकडे गेलं होतं याला पुरावा काय?"

घाटावरची आमची बैठक कधी सुरू झाली ते आता कुणालाच नेमकं सांगता येत नाही. साडेसहाच्या सुमाराला एकेकजण येतो. पाठशाळेच्या परंपरेत वाढलेले, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, वीज मंडळातून निवृत्त झालेला वायरमन, मेडिकलवाला, तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा एक मुलगा, मी, आणि मेणवलीच्या पुढच्या एका गावातून एसटीने येणारे अण्णा. अण्णांची हळदीची शेती. गावातली कामं उरकली की शेवटच्या गाडीपर्यंतचा दीड तास ते आमच्यात काढायचे. आमच्यातल्या एकानेही इतिहासाची किंवा तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेली नाही. पण शिवजयंतीच्या तिथीवरून इथे दोन माणसांनी महिनाभर अबोला धरलेला मी पाहिला आहे. शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य करून मिटवला असं कागदावर म्हणता येईल. घाटावर तो दर फाल्गुनात आणि दर वैशाखात असा वर्षातून दोनदा उठतो. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंद, टिळकांनी १९१६ साली छापली, तिच्यात १५५१ आहे, शिवभारत या शिवकाळातल्या काव्यातही तेच आहे, असं मी म्हणतो. मेडिकलवाला म्हणतो, आमच्या वडिलांनी आयुष्यभर वैशाखात साजरी केली, ते काय वेडे होते? आणि मग चहा येतो.

तत्त्वज्ञानात वायरमनला कुणी हरवू शकत नाही. दोरी आणि साप या दाखल्यावर तो अनेक वर्षं विचार करतो आहे. एकदा त्याने गुरुजींना विचारलं होतं, "गुरुजी, अंधारात मी वायरला साप समजलो, तो भास. पण अंधारात सापाला वायर समजलो, तर तो मला चावेल की नाही?" गुरुजी त्या दिवशी घरी जाताना देवळापर्यंत थांबत थांबत गेले. दुसऱ्या दिवशी अमृतानुभव घेऊन आले आणि ज्ञानदेवांनी अज्ञानाचं खंडन करण्यासाठी केवढं मोठं प्रकरण खर्ची घातलं आहे ते वाचून दाखवलं. अज्ञान म्हणून काही स्वतंत्र वस्तू आहे हेच ज्ञानदेवांना मान्य नाही. मग जे दिसतं ते काय? इथून चिद्विलासावर, म्हणजे हे जग चैतन्याचाच खेळ आहे या विचारावर, गाडी गेली, तिथून टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यावर, आणि टिळकांनी ज्ञानेश्वरांना न्याय दिला का या प्रश्नावर अंधार पडला. त्या संध्याकाळी घरी जाताना मला जे वाटलं होतं ते अजून आठवतं. आपण दिवसभर काय काम करतो याला काही अर्थ नाही, खरं आयुष्य या दीड तासात आहे, असं वाटलं होतं. मनापासून सांगतो, आजही तसंच वाटतं.

माझं दिवसभराचं काम हिशेब तपासण्याचं. दूध संस्था, पतसंस्था, छोटे कारखानदार यांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात. पावती नाही तर खर्च नाही, हे वाक्य मी दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. त्याने माणसं रागावतात, पण ते बरोबर आहे, पैसा लोकांचा असतो. इतिहासाची गोडी मला लागली तीसुद्धा याच अंगाने. लहानपणी बखरीतलं खूप ऐकलं होतं. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांबद्दल वाचलं तेव्हा भारावून गेलो. हा माणूस याच गावात आला, एरंड्यांच्या घरातले जुने कागद त्याच्या हाती लागले आणि १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड उभा राहिला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं, ज्यांनी ती लिहिली त्यांच्याच शब्दांत. बखरीत कुणी काय म्हटलं यापेक्षा त्या दिवशीचा कागद काय म्हणतो, हे पाहायला राजवाड्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. माझ्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर हे घडलं आहे, याचा मला अभिमान आहे. त्यामुळे घाटावर कुणी काही ऐकीव सांगितलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "मूळ कागद कुठाय?" 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या' हे पानिपतची बातमी सांगणारं वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. तेसुद्धा मी एकदा असंच अडवलं होतं. तेव्हा सगळे हसले होते आणि मलाही बरं वाटलं होतं.

अण्णांच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. हळदीची काढणी तोंडावर आली असेल, असं मेडिकलवाला म्हणाला. आठवडा गेला, दुसरा गेला. एकदा मी आणि गुरुजी दोघेच होतो. मी आपणहून विषय काढला. म्हटलं, गुरुजी, माझं चुकलं का? गुरुजींनी लगेच उत्तर दिलं नाही. ते नदीकडे बघत राहिले. धोम धरणाचं पाणी सोडलेलं होतं, खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. मग म्हणाले, "न्यायशास्त्रात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प आणि वितंडा. दोघांनाही खरं काय ते हवं असतं तेव्हा वाद. जिंकायचं असतं तेव्हा जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं पाडायचं, ती वितंडा. तू संक्रांतीचं गणित सांगितलंस, तोपर्यंत वाद होता. नंतर तुझ्याकडे मांडायला काय होतं?" मी गप्प बसलो. त्यांच्या घरातलं कुणी पानिपतला गेलं नव्हतं, असं मला म्हणायचं होतं का? नव्हतं. मला त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मग गुरुजींनी एक शब्द सांगितला, जो मी तोवर ऐकलाच नव्हता. ऐतिह्य. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायच्या वाटा, सगळ्यांना माहीत असतात. पण न्यायसूत्रांत एक जुनी शंका घेतली आहे, की प्रमाणं चारच कशी, ऐतिह्यही आहे की. कुणी प्रथम सांगितलं ते माहीत नाही, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, ते ऐतिह्य. दाखला ठरलेला आहे, 'या वडावर यक्ष राहतो.' "मग न्यायसूत्रं लिहिणारे गौतम काय म्हणतात? खोटं आहे, टाकून द्या, असं म्हणतात?" गुरुजींनी मलाच विचारलं. "नाही म्हणत. ते शब्दातच येतं, वेगळं मोजायचं कारण नाही, एवढंच म्हणतात. आणि शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असला तर. स्वतः पाहिलेलं असावं आणि जसं पाहिलं तसं सांगायची इच्छा असावी, तो आप्त. तेव्हा खरा प्रश्न, वडावर यक्ष आहे का हा नाही. वडाखाली पहिल्यांदा कोण उभं होतं, हा आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "इति ह आस. असं असं झालं म्हणतात. इतिहास हा शब्दही त्याच घरातला रे."

मी घरी आलो आणि गच्चीवर गेलो. समोर पांडवगड दिसतो. वाईला आम्ही विराटनगरी म्हणतो, पांडव अज्ञातवासात इथे राहिले असं लहानपणापासून ऐकत आलो, बाहेरगावचे पाहुणे आले की मीच त्यांना गड दाखवून ते सांगतो. आजवर मी या गोष्टीची पावती कुणाकडे मागितली नाही. मागावीशीच वाटली नाही, कारण गोष्ट माझ्या गावाची होती. अण्णांची गोष्ट त्यांच्या एकट्या घराची होती, तिच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. आणि आणखी एक. पानिपत आमच्या गावाला काही लांबचं नाही. पानिपतावर पडलेल्या विश्वासरावाची आई गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक. ज्या देवळाच्या सावलीत आम्ही रोज बसतो, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून ज्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, तो ढोल्या गणपती गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधला, पानिपतच्या दुसऱ्याच वर्षी. पलीकडे मेणवलीला वाडा आहे तो नाना फडणवीसांचा. नाना त्या लढाईतून वाचून आले तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई तिकडेच गेली. आपण कसे निसटलो ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. लिहिता येत होतं म्हणून नानांची गोष्ट इतिहास झाली. त्यांच्या तंबूच्या मेखा ठोकणारा, घोड्याला पाणी दाखवणारा, याच खोऱ्यातला एखादा माणूस परत आलाच नसेल, तर त्याचं काय लिहिलं गेलं असेल, आणि कुणी?

आणि तारीख? घरच्यांना तारीख कळणार तरी कशी होती. खुद्द मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, त्या भाऊसाहेबांचं काय झालं याची खात्री लोकांना कितीतरी वर्षं पटली नाही, तोतया उभा राहिला, त्याच्यावर विश्वास ठेवणारे निघाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. पेशव्यांच्या वाड्यात ही स्थिती, तर नदीकाठच्या कुणबी घरात बातमी आली असेल ती कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या तोंडून आली असेल! बाईने विचारलं असेल, कधी झालं? सांगणारा म्हणाला असेल, संक्रांतीच्या सुमाराला. शेतकऱ्याच्या घरात अजूनही असंच बोलतात. गाय बैलपोळ्याला व्याली म्हणजे पोळ्याच्या मागेपुढे व्याली. हे सगळं मला त्या गच्चीवर सुचलं, आणि सुचलं ते माझ्या गणितापेक्षा खरं वाटायला लागलं, तेव्हा मी स्वतःला आवरलं. कारण हीसुद्धा माझी कल्पनाच होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी स्कूटर काढली आणि अण्णांच्या गावी गेलो. हळद काढून झाली होती. अंगणात काहिलीतून शिजवून काढलेली हळद वाळत पसरली होती, तिचा तो मातकट, गरम, थोडासा कडवट वास रस्त्यापासूनच येत होता. अण्णा लाकडी फावड्याने ती हलवत होते. मला बघून त्यांनी फावडं भिंतीला लावलं, "ये, ये," म्हणाले, आणि आत बघून ओरडले, "च्या टाका." जणू काही झालंच नव्हतं. मी माफी मागायला गेलो होतो, पण त्यांनी मला ती मागूच दिली नाही. पाणी पिऊन होतंय तोवर ते माजघरात गेले आणि एक तांबडा रुमाल घेऊन आले. तांबडा म्हणजे एके काळी असेल, आता विटकरी झाला होता. गाठ सोडली. आत दहा-बारा कागद, घड्यांवर फाटलेले, कडा कुरतडलेल्या. "पुरावा मागितला हुतास न्हवं? तवापास्नं शोधत हुतो. माळ्यावर कणगीच्या मागं गावलं. बघ काय लिवलंय."

मी कागद हातात घेतला. एका रेषेखाली लोंबणारी, एकमेकांत गुंतलेली, कुठेही हात न उचलता लिहिलेली मोडी. बोरूची शाई काही ठिकाणी अजून चकाकत होती.

मला एक अक्षर वाचता आलं नाही.

इतकी वर्षं मी मूळ कागद मागत होतो. मूळ कागद माझ्या हातात होता आणि तो माझ्यासाठी मुका होता. माझ्या आजोबांची सही मोडीत असायची, दुकानाची वही ते मोडीत लिहायचे. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत दोन पिढ्या. मी अण्णांकडे पाहिलं. ते मोठ्या आशेने माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी सांगितलं, "अण्णा, मला मोडी येत नाही." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुला बी न्हाई येत?"

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या अण्णांच्या आई बोलल्या. नव्वदीच्या पुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. त्यांनी मुलाला विचारलं, काय शोधताय एवढं? अण्णांनी सांगितलं, संक्रांतीचं. म्हातारी म्हणाली, "संक्रांत कुटली? संक्रांत ह्याच्या बानं धरली. शाळंतल्या मास्तरानं सांगितलं, पानपत चौदा जानेवारीला झालं, म्हंजी संक्रांतच की. तवापास्नं ह्येंनी संक्रांतीला गोड बंद केलं. आमचं हाय ते पौषातल्या आठमीचं. कदी संक्रांतीच्या आदी येती, कदी मागनं येती. माज्या सासूनं मला सांगितलं, आठमीला गूळ घालायचा न्हाई, मीठ घालायचं न्हाई, अळणी भाकर दिव्याम्होरं ठिवायची. का ते नगं इचारू, म्हनली. मानूस परत आला न्हाई म्हनून, येवडंच. मी अजून ठिवती."

माझ्या अंगावर काटा आला. १४ जानेवारी १७६१, बुधवार, शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. ही तिथी मला पाठ होती. घाटावर संक्रांतीचं गणित मांडताना मी ती बोललोही असतो, पण तारखेवर काम भागलं म्हणून बोललो नव्हतो. जी चूक पकडल्याचा मला आनंद झाला होता ती या घरात बाहेरून आलेली होती. शाळेतून, कॅलेंडरातून, माझ्यासारख्याच एखाद्या वाचलेल्या माणसाकडून. आणि ज्या बाईला कॅलेंडर वाचता येत नव्हतं तिने सासूचा शब्द सासूच्या तिथीवर जसाच्या तसा धरून ठेवला होता. घराण्याच्या गोष्टी असं आपण म्हणतो, पण त्या सांभाळतात दुसऱ्या घरांतून आलेल्या सुना.

संध्याकाळी घाटावर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, सगळे उठून उभे राहतील. वायरमन खरोखर उठला. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "पौष शुद्ध अष्टमीला शाकंभरी नवरात्र बसतं. कितीतरी घरांत त्या दिवशी काही ना काही कुलाचार असतो. तोच असेल, आणि त्याला पुढे पानिपत चिकटलं असेल." मी म्हटलं, गुरुजी, देवीला अळणी भाकरी? ते म्हणाले, "कुलाचार घरोघरी वेगळे. मी नाही म्हणत नाही. दोन्ही शक्य आहे." त्या दिवशी मला गुरुजींचा थोडा राग आला. त्यांनी मला जे शिकवलं तेच ते पाळत होते, हे कळत होतं, तरी आला. आणि मग वाटलं, संक्रांतीच्या दिवशी अण्णांना असंच वाटलं असणार.

कागद मात्र राहिले होते. साताऱ्यात एक मुलगी मोडी वाचून देते, जमिनीच्या दाव्यांसाठी लोक तिच्याकडे जुने दस्त घेऊन जातात, असं कळलं. मी आणि अण्णा एसटीने गेलो. अण्णांनी रुमाल मांडीवर धरला होता, एकदाही खाली ठेवला नाही. मुलगी सव्वीस-सत्तावीसची असेल. तिने कागद उजेडात धरले आणि भराभर वाचायला लागली, जसं आपण बसची पाटी वाचतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीची वाटणी. बैल विकल्याची पावती. एका बांधावरून भावकीतला करार. बाकीची सगळी कर्जखतं, इंग्रजी अमलातली, १८७९चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला त्याच्यानंतरची. पानिपत कुठेच नव्हतं. पेशवाईतला एकही कागद नव्हता. वाचून झाल्यावर तिने फार हळुवारपणे तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी एका कर्जखताच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे अक्षर नव्हतं, एक छोटंसं चित्र होतं, तीन-चार रेषांचं. "ह्ये काय हाय?"

"नांगर आहे," ती म्हणाली. "लिहिता येत नसेल तर कुणबी नांगराची निशाणी करत. हे नाव लिहिलंय आणि पुढे निशाणी नांगर." तिने नाव वाचलं. अण्णांच्या खापरपणजोबांचं होतं. अण्णा खाली वाकून त्या चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या नखांत हळद होती, ती कागदाला लागू नये म्हणून त्यांनी बोट थोडं वर धरलं होतं. मला माहीत होतं, आणि त्या मुलीलाही माहीत होतं, ती निशाणी बहुतेक वेळा कागद लिहिणाराच काढतो. मी तोंड उघडलं नाही. ती मात्र तिच्या कामाशी प्रामाणिक होती. जरा थांबून म्हणाली, "काका, हे त्यांनी स्वतः काढलेलं नसेल कदाचित. लिहिणारा कारकूनच काढायचा."

"काडू दे की," अण्णा म्हणाले. "त्येनं सांगितलं म्हनून काडला न्हवं?"

परतीच्या गाडीत आम्ही फार बोललो नाही. पाचवडच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा अण्णांनी खिडकीतून ऊस बघितला आणि यंदाच्या भावाबद्दल काही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते घाटावर परत यायला लागले.

यंदा पौषात मी पंचांग उघडून अष्टमी बघितली आणि अण्णांना विचारून त्यांच्या घरी गेलो. देव्हाऱ्यात नाही, उंबऱ्याच्या आतल्या कोनाड्यात समई लावलेली होती. म्हातारीला आता उठवत नाही, सुनेने भाकरी थापली, पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकली, फुगल्यावर ती कोनाड्यात ठेवली. त्यावर काही नाही, बाजूला काही नाही. कुणी मंत्र म्हटला नाही. समईची वात एकदा तडतडली तेवढाच आवाज. म्हातारीने पडल्या पडल्या हात जोडले. मग तीच भाकरी मोडून प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा दिला. ज्वारीची, गरम, बिनमिठाची. मी सावकाश चावत राहिलो. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "मग, काय म्हनत्यात गुरुजी? देवीचं की आमच्या मानसाचं?"

"दोन्ही शक्य आहे म्हणतात."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि आणखी एक तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.